न पिणाऱ्यांचं यकृत

(गारखेडा परिसरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं लिहून आलेला माणूस खुर्चीत बसायच्या आत सांगतो, "डॉक्टर, मी दारूला शिवतसुद्धा नाही." तो खरंच बोलत असतो. आणि तो जाड असतोच असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. आपल्याकडची चरबी वरून दिसत नाही. ती पोटात आणि यकृतात साठते.

जास्तीचं खाणं, साखर, बैठं काम ही कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते आतड्यातल्या जिवाणूंबद्दल. यकृताला मिळणारं जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे थेट आतड्याकडून येतं. आपल्याला न पचलेलं अन्न जिवाणू खातात, आणि त्यातून ते जी रसायनं तयार करतात ती सगळ्यात आधी यकृताला भेटतात.

त्यातलं एक रसायन चक्क अल्कोहोल आहे. बीजिंगच्या संशोधकांना यकृतात चरबी आणि सूज असलेला एक रुग्ण भेटला. तो प्यायलेला नसायचा, पण पिष्टमय जेवण झालं की त्याच्या रक्तात अल्कोहोल चढायचं. आतड्यात क्लेबसिएला न्यूमोनी या जिवाणूचे भरपूर अल्कोहोल बनवणारे प्रकार निघाले. मग त्यांनी फॅटी लिव्हरचे इतर रुग्ण तपासले, तर 60 टक्के जणांत ते सापडले. हा जिवाणू उंदरांना दिल्यावर त्यांच्याही यकृतात चरबी धरली. हे 2019 चं काम. चीनमधला आकडा गारखेड्याला जसाच्या तसा लावू नये. पण न पिणाऱ्याकडे संशयानं पाहणाऱ्या घरच्यांनी तो जरूर ऐकावा.

युरोपातल्या लठ्ठ स्त्रियांच्या अभ्यासात 2018 साली असंच दुसरं रसायन, फेनिलॲसेटिक आम्ल, पुढे आलं. प्रथिनांतल्या एका घटकापासून जिवाणू ते बनवतात, आणि तेही उंदरांना दिल्यावर यकृतात चरबी वाढली.

हेच जिवाणू भलंही करतात. कोंडा, डाळी, भाज्या यांतला चोथा मिळाला की ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं, आणि अस्तर धड असलं की जिवाणूंची विषारी द्रव्यं यकृताकडे कमी झिरपतात. पुण्यात डॉ. योगेश शौचे यांच्या गटानं भारतीयांच्या आतड्यांचा अभ्यास केला, त्यात प्रिव्होटेला हा जिवाणू ठळकपणे दिसला. धान्य-डाळींवर जगणाऱ्या माणसांत तो मुबलक असतो. आपल्या ज्वारीच्या ताटाची ती कमाई आहे, आणि पाव, खारी, फरसाण खात आपण ती उधळतो आहोत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

2023 साली चीनमध्येच 200 रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना चार महिने रोज 40 ग्रॅम न पचणारा स्टार्च दिला, बाकीच्यांना साधा. पहिल्या गटाच्या यकृतातली चरबी स्पष्टपणे उतरली, आणि वजनातली घट वजा करूनही फरक उरला. तो स्टार्च मक्याचा होता, भाकरी नव्हती. थंड झालेल्या भाकरीत असा स्टार्च थोडा वाढतो हे खरं, पण म्हणून शिळ्या भाकरीला औषध म्हणू नका. जेवण म्हणून ती उत्तम आहे, एवढं नक्की. प्रोबायोटिकच्या पुड्या आणि 'लिव्हर टॉनिक' यांवर पैसे घालवावेत इतका पुरावा मला दिसत नाही. सात ते दहा टक्के वजन उतरवलं तर सूजही ओसरते, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. त्यासाठी चालायला क्रीडा संकुलाचं मैदान आपल्याला जवळच आहे.

केंद्र सरकारनं 2021 मध्ये न पिणाऱ्यांच्या फॅटी लिव्हरचा हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तेव्हा 'ग्रेड वन' लिहिलेला रिपोर्ट कपाटात ठेवून देऊ नका. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-4' निघतो, आणि यकृत कडक होऊ लागलंय का याचा पहिला अंदाज येतो. घाटी रुग्णालयात जा, नाहीतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, पण तो आकडा या महिन्यात काढून घ्या.