परदेशातील शिक्षकमेळाव्यात मी काय शिकलो
(मंडळाच्या मालगुंड येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची कार्यकारिणीने मला आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी कोणी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक आणि त्यावर शिक्षकाची पदविका, एवढीच माझी विद्या. अडतीस वर्षे वाडीवस्तीच्या शाळांतून खडू-फळ्याची चाकरी केली आणि २०१६ साली निवृत्त झालो. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा न करता, एका जुन्या शिक्षकाचा कबुलीजबाब म्हणून हे भाषण ऐकावे, अशी प्रारंभीच विनंती करतो.

आज आपल्या सभेपुढे एक महत्त्वाची सूचना यावयाची आहे. मंडळाच्या शिक्षणनिधीतून यापुढे केवळ इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांनाच फीसाठी साहाय्य द्यावे, अशी ती सूचना आहे. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी मला शंका नाही. इंग्रजीवाचून मुलांचे अडते, हे त्यांचे म्हणणेही खरे आहे. तथापि त्या सूचनेवर मत देण्यापूर्वी माझा एक अनुभव आपल्या कानी घालणे मला कर्तव्य वाटते.

२०१९ सालच्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी लंडनला चिरंजीवांकडे पाच महिने राहून आलो. ते तेथे संगणकाच्या नोकरीत आहेत. पहिले पंधरा दिवस राणीचा राजवाडा, थेम्स नदी, संग्रहालये पाहण्यात गेले. १९३२ साली स्थापन झालेल्या तेथील महाराष्ट्र मंडळातही जाऊन आलो व मराठी बोलणे कानावर पडताच जीव सुखावला. त्यानंतर मात्र दिवस सरेना. मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर जात, नातू शाळेत जाई आणि आम्ही दोघे खिडकीतून रस्ता पाहात बसू. तेव्हा सूनबाई एके दिवशी म्हणाल्या, "बाबा, आपल्या जवळच्या ग्रंथालयात शनिवारी इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचा मेळावा आहे. तुम्हीही इंग्रजीचेच शिक्षक. जाऊन तर या."

मी हसलो. इंग्रजांच्या देशात इंग्रजीचा शिक्षक म्हणून मी कोणत्या तोंडाने मिरवावे? पाचवी ते सातवीच्या वर्गांना मी इंग्रजी शिकविले, आणि २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यावर चिमुकल्यांनाही शिकविले, हे खरे. परंतु माझे स्वतःचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर पोसलेले. अखेर सूनबाईंच्या आग्रहापुढे माझे काही चालले नाही. शनिवारी सकाळी स्वच्छ धुतलेला सदरा घालून, सूनबाईंनी दिलेला डबा घेऊन मी ग्रंथालयाच्या सभागृहात जाऊन बसलो.

चाळीस-एक मंडळी जमली होती. मंडप नाही, हारतुरे नाहीत, व्यासपीठही नाही. सर्वजण गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेले. बहुतेकजण परदेशांतून येऊन तेथे स्थायिक झालेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवीत होते. कोणाच्या वर्गात सोमालियातील माता, कोणाच्या वर्गात अफगाणिस्तानातून आलेले तरुण, तर कोणाच्या वर्गात पोलंडचे गवंडी. शिक्षकांतही सगळेच गोरे नव्हते. कित्येकांची मातृभाषा माझ्याप्रमाणेच दुसरी होती आणि त्यांचे उच्चार आपापल्या देशाचा वास घेऊन येत होते. कोणी कोणास हसत नव्हते. हे पाहून माझा जीव थोडा भांड्यात पडला.

एका बाईंनी विषयाला आरंभ केला तो एका भारतीय गृहस्थाचे नाव घेऊन. प्राध्यापक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांतून एक प्रयोग केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवावे, नकाशा ठेवावा आणि विचारावे, अमुक गावी दुपारपूर्वी पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी? मुलाचे मन कोडे सोडविण्यात गुंतते आणि भाषा नकळत अंगी मुरते, असा त्यामागील विचार. अध्यक्षमहाशय, आपल्या देशात, आपल्यासारख्याच मुलांवर झालेला हा प्रयोग मी अडतीस वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता. तो ऐकण्यासाठी मला सात समुद्र ओलांडावे लागले! अभिमान वाटला आणि लाजही वाटली.

त्यानंतर प्रत्येकाने आपली ओळख करून द्यावयाची होती. नाव, किती वर्षे शिकविले आणि शिकवताना घडलेली एक चूक, असा क्रम ठरला. आपल्याकडे ओळख म्हणजे पदव्या आणि मानमरातब यांची यादी. तेथे चूक सांगावयाची! मला घाम फुटला. एकेक जण बोलत होता आणि माझी पाळी जवळ येत होती. काही तरी किरकोळ चूक सांगून वेळ मारून न्यावी, असे मी मनात योजिले होते. परंतु उभा राहिलो आणि तोंडून भलतेच निघाले.

नोकरीच्या आरंभीच्या काळातील गोष्ट. किनाऱ्यालगतच्या एका वाडीच्या शाळेत मी सहावीला इंग्रजी शिकवीत होतो. एक मुलगा वाचावयास उभा राहिला. त्याचे वडील होडीवर जात. पाठात 'आयलंड' हा शब्द आला. त्या शब्दात एस हे अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहीत. मुलाने आपल्या देवनागरीच्या सवयीने जे दिसले तेच वाचले, "इसलंड". मी मोठ्याने हसलो. गुरुजी हसले म्हणून वर्ग हसला. तेवढ्यावर मी थांबलो नाही. "रोज समुद्र बघतोस आणि बेट वाचता येत नाही?" असे म्हणून त्यास तास संपेपर्यंत बाकावर उभे केले. पुढे कित्येक दिवस मुले त्याला 'इसलंड' म्हणूनच हाका मारीत. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. एक-दोन ठिकाणी माझा उच्चार मंडळींना कळला नाही. त्यांनी मान पुढे करून, अगदी अदबीने, पुन्हा सांगण्याची विनंती केली. मी पुन्हा सांगितले. त्या क्षणी मला त्या पोराची आठवण आली आणि पाय लटपटले. साठी उलटलेल्या मला जी सभ्यता परक्यांनी दाखविली, ती मी अकरा वर्षांच्या आपल्याच लेकराला दाखविली नव्हती.

मी बसल्यावर एक वृद्ध शिक्षक हळूच म्हणाले, "महाशय, त्या शब्दातील एस मुळात तेथे नव्हताच." त्यांनी खुलासा केला. जुन्या इंग्रजीत हा शब्द एसवाचून लिहीत असत. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास लॅटिन-फ्रेंच वळणाच्या दुसऱ्या एका शब्दाशी त्याचे नाते आहे, अशा समजुतीने हे अक्षर त्यात घुसडले गेले. उच्चार जुनाच राहिला आणि लेखन तेवढे बिघडले. म्हणजे चूक शहाण्यासुरत्यांनी केली आणि तिची शिक्षा चारशे वर्षांनंतर कोकणातल्या एका पोराने बाकावर उभे राहून भोगली! मंडळी हसली, परंतु मला हसू आले नाही.

दुपारी सर्वांनी आपापले डबे उघडले. माझ्या डब्यातील घावन आणि चटणी यांची वाटणी झाली. एका सोमाली बाईंनी मला विचारले, "तुमच्या गावाचे नाव काय?" मी म्हणालो, "मालगुंड. आमच्या गावी एक मोठा कवी जन्मला, आणि तोही शिक्षकच होता." केशवसुतांची थोरवी मला इंग्रजीत सांगता येईना, पण जे सांगता आले ते सांगितले. १८६६ साली या गावी जन्मलेले कृष्णाजी केशव दामले १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले. आयुष्यभर शाळामास्तरकी केली, खानदेशात फैजपूर, पुढे धारवाड असा संसार पाठीवर घेऊन फिरले आणि १९०५ साली हुबळीस प्लेगने वारले. ते इंग्रजी काव्य प्रेमाने वाचीत. इंग्रजीतील चौदा ओळींची कविता त्यांनी मराठीत आणली. तथापि लिहिले ते मराठीतच. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी तर १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा थोर ग्रंथ सिद्ध केला. एकाच घरात इंग्रजीचे स्वागतही होते आणि मराठीची सेवाही. १९९४ साली उभ्या राहिलेल्या केशवसुत स्मारकात आपण मुलांच्या सहली नेतो, छायाचित्रे काढतो. पण त्या घरातून घेण्याचा धडा हाच आहे, हे मला लंडनच्या ग्रंथालयात बसून उमगले.

इंग्रजी केव्हा आणि किती शिकवावी, हा वाद आपल्या प्रांतास नवा नाही. आपल्या रत्नागिरीचेच सुपुत्र बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत मागे नेण्यात आला. पुढे १९५२ साली तेच बाळासाहेब भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. २००० साली ती पहिलीवर आली. इयत्ता पुढे-मागे झाल्या, परंतु मुलाने चुकावयास भ्यावे की न भ्यावे, याचा विचार कोणत्या परिपत्रकात मी तरी वाचला नाही. आणि भीतीने बांधलेली जीभ कोणत्याही माध्यमात सुटत नाही.

गावी परतल्यावर मी त्या विद्यार्थ्याचा शोध घेतला. आता तोही प्रौढ गृहस्थ झाला आहे. गणपतीपुळ्याच्या वाटेवर त्याचे लहानसे दुकान आहे. मी गेलो, बसलो आणि त्या दिवसाबद्दल त्याची क्षमा मागितली. त्याने मला आधी चहा दिला. मग म्हणाला, "गुरुजी, त्या दिसापासून इंग्रजीच्या तासाला मी तोंडच उघडलं नाय. आता गिऱ्हाईक इंग्रजीत काय विचारायला लागलं की मी पोराला पुढे करतो." एवढेच बोलला. रागावला नाही, आणि विसरलो असेही म्हणाला नाही. निघताना माझ्या पाया पडू लागला. मी त्याला पडू दिले नाही.

ज्ञातिबांधवहो, आता मूळ सूचनेकडे वळतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घालणे हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे आणि त्यास माझा विरोध नाही. परंतु रत्नागिरीच्या शाळेची फी व गाडीभाडे देण्याची ऐपत आपल्यापैकी किती घरांची आहे? निधीचे साहाय्य झाले, तरी बाकीची रक्कम ज्यांना भरता येईल त्यांच्याच घरी ते जाईल. होडीवर जाणाऱ्याचे, आंब्याच्या बागेत मजुरीवर जाणारीचे मूल गावच्या शाळेतच राहील, आणि त्याच्या वाट्याला मंडळाकडून काय येईल? मंडळाने आपल्या हाताने समाजात दोन पंगती मांडू नयेत, एवढीच माझी प्रार्थना आहे.

यास पर्याय म्हणून एक छोटी योजना सुचवितो. मंडळाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी दोन तास इंग्रजीचा वर्ग चालवावा. तो कोणत्याही माध्यमाच्या आणि कोणत्याही ज्ञातीच्या मुलास खुला असावा. मी विनावेतन शिकवीन. गावातील पदवीधर मुलामुलींनी साथ द्यावी. पाठ्यपुस्तक म्हणून आपल्या एस. टी. स्थानकाचे वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरील सूचना, बँकेचा अर्ज, गावचा नकाशा हेच घेऊ. अडेल तेथे मराठीत समजावून देऊ, कारण मायबोली ही परभाषेच्या वाटेवरील धोंड नसून पायरी आहे. निधीतून फळा, कोश आणि वाचनाची काही पुस्तके एवढाच खर्च मागतो. वर्गाचा नियम एकच राहील. चुकणाऱ्याला कोणी हसावयाचे नाही, आणि हा नियम प्रथम गुरुजींनी पाळावयाचा.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यापैकी ज्यांना पारितोषिके मिळाली त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांना रविवारचे आमंत्रण. पहिल्या दिवशी फळ्यावर मी 'आयलंड' हाच शब्द लिहिणार आहे. जो कोणी तो 'इसलंड' असा वाचील, त्याला मी त्या शब्दाची सारी कथा सांगेन आणि शाबासकी देईन.

माझे बोलणे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. सदर सूचनेचा सभेने फेरविचार करावा, अशी पुन्हा एकवार विनंती करून मी आपली रजा घेतो.