तीन मिनिटांत शंभर फेऱ्या

एल.पी. रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या घेते. अपूर्णांक अवघड वाटतो. पण त्याला तीनाने गुणलं की सरळ १०० होतात. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा, समोर सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवायचं आणि तीन मिनिटांत कपटा किती वेळा आपल्यासमोरून गेला ते मोजायचं. १०० भरले तर यंत्र ठीक. पारशिवनीला माझ्या घरी ते १०३ भरले. मी पाचदा मोजलं, शेजारच्या गुरुजींनी मोजलं, त्यांच्या नातवाने मोजलं. १०३च.

यंत्र कोरं करकरीत होतं. माझ्या वडिलांनी जमवलेल्या तबकड्या कपाटात पडून होत्या. त्यांत कव्वाल्या होत्या, नाट्यगीतं होती, मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची एक एल.पी. होती. जुना प्लेअर केव्हाच भंगारात गेला होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने परदेशी बनावटीचं टर्नटेबल पाठवलं. किंमत तिने लपवली, खोक्यातल्या बिलाने सांगितली. ८० हजारांच्या वर! एवढ्यात आमच्याकडे फटफटी येते.

आता बघा, वेग शेकडा ३ ने वाढला तर गाणं लवकर संपतं एवढंच होत नाही, स्वरही चढतो. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याने चढतो. म्हणजे गवई धड काळी एकचाही नाही आणि पांढरी दोनचाही नाही. गुरुजी पेटी वाजवतात. नाट्यगीताची तबकडी लावली तेव्हा त्यांचा हात पट्ट्यांवर नुसताच फिरत राहिला. शंका त्यांच्या पेटीने आणली, पुरावा घड्याळाने दिला.

यंत्रावर आळ घेण्याआधी आपल्या बाजूची झडती घ्यावी, हे खरं. टेबल समतल आहे का? प्रवासासाठी बसवलेले स्क्रू काढले का? आवाज ठरावीक अंतराने, दर १.८ सेकंदांनी हेलकावत असेल तर दोष बहुधा तबकडीचा. तिचं भोक मधोमध नसतं. दुसरी तबकडी लावली की कळतं. आमच्याकडे हेलकावा नव्हता. सगळ्याच तबकड्या सारख्याच घाईत होत्या.

दुकानदाराला फोन केला. उत्तर आलं, "तुमच्याकडे खेड्यात विजेचा दाब कमीजास्त होतो ना, त्यामुळे असेल."

हे वाक्य मला फार लागलं. आमच्यापासून जवळच खापरखेडा आणि कोराडी. तिथल्या राखेत आम्ही राहायचं, वीज महाराष्ट्राने वापरायची आणि खराब वीज मात्र आमची! शिवाय शास्त्रही चूक. या यंत्राची मोटर अशी, की तिचा वेग दाबावर नाही, विजेच्या आवर्तनांवर ठरतो. ती सेकंदाला ५० असतात आणि साऱ्या देशात एकाच वेळी सारखीच असतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळंही उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून मलबार हिलवर आणि पारशिवनीत विजेचा ठेका एकच. तो शेकडा ३ ने वाढला असता तर देशभरचे अभियंते रात्रभर जागे राहिले असते.

मग दोष कुठे? मोटरच्या दांड्यावर एक छोटी पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा थाळी फिरवतो. पुली १० मिलिमीटरची हवी तिथे १०.३ची निघाली तरी १०० चे १०३ होतात. अमेरिकेत आवर्तनं ६० असतात. तिथली पुली चुकून इकडे आली तर यंत्र एक षष्ठांशाने मंद होतं. आमचं पळत होतं, तेव्हा तोही संशय मिटला.

दुकानाने पुढच्या खरेदीवर २ हजारांची सूट देऊ केली. म्हणजे दुसरं एक घ्या, असंच ना!

इकडे मुलगी रोज फोनवर विचारायची, "अब्बा, छान वाजतं ना?" तिला वाईट वाटेल म्हणून गप्प बसावं, असं मनात येऊन गेलं. शेवटी तिला सांगितलं, आणि आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं. पत्रात विशेषणं एकही घातलं नाही. तारीख, यंत्राचा क्रमांक, बिल, मोजणीचे पाच आकडे आणि घड्याळासकट केलेलं चित्रीकरण, एवढंच.

बिल मुलीच्या नावाचं, तक्रार माझी, हे कसं चालेल, असं दुकानाने विचारलं. चालतं. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा असा कायदाही नव्हता. तो १९८६ ला आला. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि एक मोठी सोय झाली. दुकान कुठेही असो, ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. म्हणजे मला नागपूर पुरे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेतो. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. तीही आम्ही नोंदवली. मूळ खोकं आणि आतला थर्माकोल मात्र जपून ठेवा. घरच्या मंडळींना ती अडगळ वाटते. परत पाठवायची वेळ आली की त्याचीच किंमत कळते.

सातव्या आठवड्यात यंत्र बदलून मिळालं. नव्या यंत्राचे तीन मिनिटांत १०० भरले. थोडी घरघर होती, ती अर्थिंगची तार जोडल्यावर गेली. गुरुजी पेटी घेऊन आले. त्या रात्री खाँसाहेबांची एल.पी. लावली. ती दोन ठिकाणी अडकते. पण ते ओरखडे माझ्या धाकट्या भावाने लहानपणी काढलेले. त्यांची तक्रार आम्ही कुठेच केलेली नाही.