जोनासच्या वसाहतीत बर्फ पडत नाही



आज मला एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. अमेरिकन लेखिका लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' ही कादंबरी १९९३ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं.

कादंबरीचा नायक जोनास तुमच्या सातवीतल्या मुलांएवढा, बारा वर्षांचा. त्याच्या वसाहतीत कुणी उपाशी नाही, कुणी भांडत नाही. काम आणि जोडीदार वडीलधाऱ्यांची समिती ठरवून देते. माणूस निवडताना चुकतो, म्हणून निवडच काढून टाकली आहे. बर्फानं पिकं जातात, म्हणून बर्फ बंद. चढावर गाड्या रेंगाळतात, म्हणून टेकड्या सपाट. रंगसुद्धा गेले. जुन्या जगाच्या साऱ्या आठवणी एकट्या एका म्हाताऱ्याकडे, आणि त्या पुढे सांभाळायला जोनासची नेमणूक होते.

त्याला मिळणारी पहिली आठवण बर्फावरून घसरगाडीनं सुसाट खाली येण्याची. जन्मात पाहिला नाही असा गारवा, असा वेग! काही दिवसांनी तशाच उतारावरची दुसरी आठवण येते. या वेळी गाडी उलटते, पाय मोडतो. मला वाटतं, अख्खी कादंबरी या दोन उतारांत आहे. दुसरा टाळायचा तर पहिलाही सोडावा लागतो.

जोनासचे वडील मायाळू आहेत, तान्ही बाळं सांभाळतात. तरीही जुळ्यांपैकी कमी वजनाचं बाळ ते इंजेक्शन देऊन संपवतात, त्याच्याशी लाडानं बोलत. ते क्रूर नाहीत. आपण काय करतोय हे कळण्याइतकं दुःखच त्यांच्या वाट्याला कधी येऊ दिलेलं नाही.

लेखिकेचं बालपणही इथे आठवतं. १९४८ साली तिचं कुटुंब तोक्योत, अमेरिकन लोकांच्या कुंपणबंद वसाहतीत राहत होतं. अकरा वर्षांची लोइस हिरव्या सायकलवरून फाटकाबाहेर पडायची, शहराच्या शिबुया भागातल्या गर्दीत हिंडायची.

पालकहो, मुलांना असं फाटकाबाहेर सोडताना वाटणारी तुमची काळजी खोटी नाही. रस्त्यावरची वाहनं मीही रोज पाहतो. तरी या सुट्टीत नववी-दहावीतल्या लेकराला एकट्यानं एसटीनं मामाच्या गावी जाऊ द्या. तिकीट त्यालाच काढू द्या, गाडी चुकली तर पुढची त्यालाच शोधू द्या. दर दहा मिनिटांनी फोन करू नका.

आणि मुलांनो, या पुस्तकाच्या दोन प्रती मी तुमच्या ग्रंथालयासाठी आणल्या आहेत. इंग्रजी सोपं आहे, आठवी-नववीला सहज झेपेल. शेवट वाचून तुमच्यात वाद होतील. ते जरूर घाला.