टँकर भरण्याचे शास्त्र



काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरचे रसाळ व्याख्यान ऐकलेत. आज त्याच जागी उभे राहून पेट्रोलच्या टाक्यांविषयी बोलायचे, म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत ठेचा वाढण्यासारखे आहे. तथापि चालकांनी विषय मान्य केला, यात त्यांचा धीर दिसतो; आणि आपण इतक्या संख्येने आलात, यात आपला चांगुलपणा दिसतो. माझे आयुष्य तेलाच्या डेपोत नळ, पंप आणि झडपा यांच्या संगतीत गेले. तेव्हा भाषेचे अलंकार माझ्याजवळ नाहीत. जे पाहिले आणि शिकलो, ते साधेपणाने सांगतो.

तेल एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, यात शास्त्र ते काय? घरात आपण रोज तेच करतो. परंतु बारा हजार लिटरचा टँकर काही मिनिटांत भरायचा असतो, आणि भरायचे असते पेट्रोल. येथे प्रश्न बदलतो. पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते त्याची वाफ. ही वाफ हवेहून तीन ते चारपट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, गटारात उतरते, खड्ड्यात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात असेल, तर ती पेट घेते. त्याहून कमी असेल तर जळत नाही आणि फार जास्त असेल तरीही जळत नाही. हे मधले अंतर लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ठिणगी कोठून येते ते पाहू. काडी, विडी, इंजिन ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. पण एक ठिणगी अशी आहे की ती कोणी आणत नाही, ती प्रवाहातच जन्म घेते. शाळेत आपण पट्टी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले असतील. तीच स्थिर विद्युत. पेट्रोल किंवा डिझेल नळातून वेगाने वाहते, गाळणीतून जाते, तेव्हा घर्षणाने त्यावर विद्युतभार साठतो. ही तेले विजेची मंद वाहक असल्याने तो भार चटकन निघून जात नाही. टाकीत तो साठत जातो आणि संधी मिळताच एखाद्या धातूच्या टोकाकडे उडी घेतो. पेट्रोलची वाफ पेटायला एका मिलिज्यूलचा चौथा-पाचवा भाग एवढी ऊर्जाही पुरते. कोरड्या हवेत दाराच्या मुठीला हात लावताच बोटाला जो चटका बसतो, त्यात याहून कितीतरी अधिक ऊर्जा असू शकते!

म्हणूनच भरण्याचे काही नियम झाले. भरणाऱ्या नळाचे तोंड टाकीच्या तळापर्यंत गेले पाहिजे. वरून धार सोडायची नाही. ते तोंड तेलात बुडेपर्यंत प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटरच ठेवायचा, आणि नंतरही सात मीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. भरणे संपताच लगेच माप घेण्याची पट्टी आत घालायची नाही. साठलेला भार निवळायला वेळ द्यायचा. आणि सर्वांत आधी टँकर जमिनीशी तारेने जोडायचा, ज्याला आपण अर्थिंग म्हणतो.

या अर्थिंगची एक आठवण सांगतो. मी नोकरीत नवा होतो. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर टँकरांची रांग लागलेली. एका घाईतल्या ड्रायव्हरने अर्थिंगचा चिमटा गाडीच्या रंगवलेल्या पत्र्यावर लावला आणि हाक दिली, "सोडा!" आमचा वृद्ध फिटर जागचा हलेना. ड्रायव्हर म्हणाला, "काका, रोज असाच भरतो, कधी काही झालं नाही." म्हातारा शांतपणे म्हणाला, "झालं असतं, तर आज सांगायला आला असतास का?" त्याने चिमटा काढला आणि उघड्या धातूच्या खुंटीवर लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, रंगावरचा चिमटा म्हणजे बंद देवळाला केलेला नमस्कार. आत पोचतच नाही." त्या दिवशी टँकरमध्ये पेट्रोल नव्हते, डिझेल भरायचे होते, म्हणून मी तो प्रसंग किरकोळ समजलो होतो. माझे अज्ञान मला नंतर कळले.

कारण असे की, ज्या कप्प्यात आधी पेट्रोल होते त्यात डिझेल भरणे हे सर्वांत धोक्याचे काम. रिकाम्या कप्प्यात पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की ती पेटत नाही. डिझेल आत येते, ती वाफ शोषून घेते, आणि प्रमाण नेमके त्या मधल्या अंतरात येऊन ठेपते. त्याच वेळी वेगाने आलेले डिझेल विद्युतभार घेऊन आलेले असते. 'गरीब' डिझेलच असा घात करते.

आज या कामाला चांगली साधने मिळाली आहेत. अर्थिंग नीट लागले नाही तर पंप सुरूच होत नाही. पूर्वीच्या रबरी नळीऐवजी सांधे असलेला, स्प्रिंगने तोललेला लोखंडी 'हात' असतो. एक माणूस तो सहज फिरवतो. टँकर खालून भरण्याची पद्धत आली, त्यामुळे माणसाला टपावर चढावेच लागत नाही. जेथे चढावे लागते, तेथे घडीचा जिना आणि कठडा असतो. कारण टपावरून पडणे हाही या धंद्यातला जुना अपघात आहे. निघालेली वाफ परत नेणारी नळी असते. टाकी भरत आली की प्रवाह आपोआप थांबवणारा संवेदक असतो. गाडी चुकून पुढे सरकली, तर जोड तुटताच दोन्ही बाजूंनी बंद होणारी झडप असते. कप्पा काठोकाठ भरत नाहीत, तेही सकारण आहे. बारा हजार लिटर पेट्रोल एक अंश तापले तरी सुमारे बारा लिटरने फुगते. त्याला जागा हवी.

परंतु साधन चालू स्थितीत नसेल, तर ते नसल्यासारखेच. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुऱ्यात तेलाच्या डेपोतून शेजारच्या डेपोला पेट्रोल देण्याची तयारी चालली होती. झडपांच्या क्रमात चूक झाली आणि पेट्रोल कारंज्यासारखे उसळले. जवळचे कामगार वाफेने कासावीस झाले. नियंत्रणकक्षातून झडप बंद करण्याची सोय निकामी झालेली होती. तासाहून अधिक काळ वाफ पसरत राहिली, मग स्फोट झाला. अकरा माणसे गेली, आग कित्येक दिवस जळत होती. तेथे साधनाची वाण नव्हती; वाण होती ती साधन जागे ठेवणाऱ्या शिस्तीची.

आपण म्हणाल, हे डेपोवाल्यांचे झाले, आमचे काय? नियम आहेत, ते पाहणारे विस्फोटक खाते आपल्याच नागपुरात मुख्यालय करून बसले आहे. तरीही आपल्या वाट्याला एक काम उरते. टँकरच्या मागे एक फळी असते, ती वाचायला शिका. तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो : १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. अपघात झाला तर दुरूनच, वारा आपल्या पाठीशी ठेवून, तो क्रमांक पाहा आणि अग्निशमन दलाला कळवा. तेवढ्या माहितीने त्यांचे निम्मे काम सोपे होते.

आणि उलटलेल्या टँकरजवळ डबे घेऊन धावू नका. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ एक टँकर उलटला. गावचे लोक बादल्या, बाटल्या घेऊन पेट्रोल भरायला जमले, आणि ते सारे पेटले. दोनशेहून अधिक माणसे गेली. ती माणसे लोभी होती असे मी म्हणणार नाही. गरिबाला फुकट मिळणारे लिटरभर पेट्रोल दिसते, भोवतीची वाफ दिसत नाही. ती दाखवणे हे जाणत्यांचे काम. आपल्या मुलांना, घरी काम करणाऱ्या माणसांना, गावाकडच्या नातलगांना एवढी एक गोष्ट सांगा. आमचा तो फिटर आज नाही. पण आपल्यापैकी एकाने जरी उद्या एखाद्याचा हात धरून "जाऊ नकोस" म्हटले, तर त्याचा चिमटा योग्य जागी लागला असे मी समजेन.