‘परमिशन डिनाइड’: नाही म्हणतंय कोण?

आजचा भाग रिठदसारख्या गावात बसून मेलवर काम करणाऱ्यांसाठी. नेट असेल तेव्हा मेल उतरवून घ्यायचे, नसेल तेव्हा वाचायचे, उत्तरं लिहून ठेवायची. हेच ते ऑफलाइन फोल्डर. आणि मग एक दिवस सिंक करताना संदेश येतो, ‘परमिशन डिनाइड’.

लगेच काही डिलीट करू नका. पाठवायचे राहिलेले मेल, अर्धवट मसुदे हे कदाचित फक्त तुमच्याच मशीनवर असतील. सर्व्हरवर त्यांची प्रत नसेल, तर गेलेले परत येणार नाहीत. म्हणून आधी मेलचा प्रोग्रॅम बंद करा आणि त्याचं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. थंडरबर्डमध्ये यालाच प्रोफाइल फोल्डर म्हणतात.

आता प्रश्न असा, की नाही म्हणतंय कोण? आपला कॉम्प्युटर की सर्व्हर? हे कळायला ब्राउझरमध्ये तेच खातं उघडा. तिथंही तो फोल्डर अडत असेल, तर अडचण सर्व्हरवर आहे. तिथं उघडतोय, मेल इकडून तिकडे हलवताही येतोय, तर बहुतेक आपल्याच मशीनकडे बघायचं.

सर्व्हरची गोष्ट आधी. ऑफिसचा सामायिक फोल्डर असेल, तर आयमॅपमध्ये प्रत्येक हक्क वेगळा असतो. २००५ सालच्या आरएफसी ४३१४ मध्ये हे हक्क अक्षरांनी दिलेत: ‘एल’ म्हणजे फोल्डर यादीत दिसणं, ‘आर’ म्हणजे वाचणं, ‘एस’ म्हणजे वाचल्याची खूण ठेवणं. म्हणूनच फोल्डर दिसतो, पण उघडत नाही, असं होऊ शकतं. हे तुमच्याकडून दुरुस्त होणार नाही. खातं सांभाळणाऱ्याला फोल्डरचं नाव आणि नेमका संदेश कळवा.

आता आपलं मशीन. विंडोज नव्यानं टाकलं किंवा जुनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, की हे हमखास होतं. युजरचं नाव तेच असलं, तरी विंडोजच्या लेखी माणूस वेगळा, कारण आतला ओळख क्रमांक बदललेला असतो. सातबाऱ्यासारखंच आहे हे. जमीन कसताय तुम्ही, पण फेरफार झालेला नाही.

तो फेरफार असा करायचा: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. तिथं ओनर बदलून स्वतःचं खातं द्या, आतल्या फोल्डरांनाही लागू करा. मग आपल्या खात्याला फुल कंट्रोल द्या. ‘एव्हरीवन’ला मात्र देऊ नका, मशीन चार जण वापरत असतील, तर तुमचे मेल चौघांना उघडे होतील.

यानंतरही अडलं, तर फाइल दुसऱ्या कुणी धरून ठेवलीय का ते बघा. अँटीव्हायरस, बॅकअप किंवा आधीच उघडा राहिलेला मेल प्रोग्रॅम, यांपैकी कुणीही असू शकतं. मशीन एकदा रिस्टार्ट करा.

आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची सवय लावू नका. आज काम होतं, पण मूळ परवानगी तशीच बिघडलेली राहते.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी प्रत, मग ब्राउझर, मग मालकी. भेटू पुढच्या भागात.