रात्रीचे मद्य आणि सकाळची मोटार

हैदराबादेत शनिवारी रात्री वाहतूक पोलीस रस्त्यात उभे राहून चालकांचा श्वास यंत्राने तपासतात. त्यामुळे पुष्कळ मद्यपी गृहस्थ भाड्याच्या गाडीने घरी परततात. हा शहाणपणा खराच. परंतु त्यांतलाच एखादा सकाळी सात वाजता पाहुण्यांना आणावयास बाह्य वर्तुळमार्गाने शमशाबाद विमानतळाकडे स्वतः मोटार हाकीत निघतो, त्याचे काय?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमान्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता वाहन चालविणे हा गुन्हा होय. शरीर ताशी सुमारे १५ मिलिग्रॅमच उतरविते. मध्यरात्री १५० असलेले प्रमाण सकाळी सातला ४५ उरते, म्हणजे मर्यादेच्या दीडपट! कडक इराणी चहाने डोळे उघडतात, रक्त निवळत नाही. थंड स्नानाचीही तीच गत.

झोपेवर भिस्त ठेवावी, तर तीही फसवी. मद्याने डोळा लवकर लागतो खरा. पण उत्तररात्री झोप तुटते, घसा कोरडा पडतो, लघवीस उठावे लागते. पुढे रक्तातील मद्य पार ओसरले तरी डोके ठणकत असते आणि अवधान मंद असते. ताशी ९० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला २५ मीटर जाते. पुढची मालमोटार थबकली आणि पाय ब्रेकवर अर्धा सेकंद उशिरा पडला, तर साडेबारा मीटर गेलेच. श्वासयंत्र त्या वेळी शून्य दाखवील. पाहुण्यांना आणावयास त्या दिवशी घरातील दुसऱ्या कोणी जावे.