शाळकरी मुलींना नेमके काय शिकवावयाचे?



माध्यमिक शाळांतील मुलींना स्तनांच्या स्वयंतपासणीचे धडे द्यावेत, अशी सूचना अनेकदा केली जाते. तिच्यामागील कळकळ खरी आहे. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे आणि पुष्कळ स्त्रिया रोग बळावल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. तथापि कळकळीने सुचविलेला उपायही पुराव्यावर घासून पाहावा लागतो.

असा पुरावा कामगार स्त्रियांकडूनच मिळालेला आहे. १९८९ ते १९९१ या काळात शांघायच्या कापड गिरण्यांतील २,६६,०६४ स्त्रियांचे जवळजवळ समान असे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला स्वयंतपासणी काटेकोरपणे शिकविली, दुसऱ्याला नाही. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात या रोगाने १३५ स्त्रिया दगावल्या, दुसऱ्यात १३१. मृत्यू टळले नाहीत; निरुपद्रवी गाठींसाठी कराव्या लागलेल्या बायॉप्सी मात्र पहिल्या गटात बऱ्याच अधिक होत्या.

ही झाली प्रौढ स्त्रियांची गोष्ट. तेराचौदा वर्षांच्या मुलीत हा रोग अत्यंत विरळा. गाठ आढळलीच, तर ती बहुधा फायब्रोअ‍ॅडेनोमा नावाची, कर्करोग नसलेली असते. वाढीच्या वयात दोन्ही स्तन सारखे नसणे, पाळीपूर्वी ते दुखरे व गाठाळ लागणे, हे स्वाभाविकच होय. अशा मुलीला दरमहा गाठ शोधावयास लावले, तर तिच्या पदरी केवळ भीती पडेल.

मग शाळेने गप्प बसावे काय? मुळीच नाही. ‘स्तन’ हा शब्द वर्गात डोळा, दात या शब्दांइतक्या सहजतेने उच्चारला जावा. स्वाभाविक काय, हे मुलीला कळावे. न दुखणारी गाठही दाखवावी लागते. त्वचेला खळी पडणे, बोंड नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, यांकडे काणाडोळा करावयाचा नसतो, हेही तिला ठाऊक असावे. हे ज्ञान तिला जन्मभर पुरेल, आणि आजच घरी आई, आजी, मावशी यांच्या कानी पडेल. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ या एका वाक्यावर घराघरांत महिने निघून जातात. त्या वाक्याला हरकत घेणारे कोणीतरी घरात हवे.

परंतु आई तयार झाली, तरी तिने जावे कोठे? टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडला. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. या तपासणीला मॅमोग्राफीचे महागडे यंत्र लागले नाही. लागले ते शिकविलेले हात आणि नियमित फेऱ्या.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयास हवी. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन विचारावे : ही तपासणी होते काय? किती स्त्रियांची झाली? गाठ आढळल्यास पुढे कोठे पाठवितात? एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण भरून देतो?

शाळेने मुलीला प्रश्न विचारावयास शिकवावे. पण त्याचे उत्तर देणारी परिचारिकाही उपकेंद्रात हजर असलीच पाहिजे.